कामाचा ग्रुप आधी कागदावर, मग फोनवर

रात्री पावणेदहाला क्वालिटीच्या मुलाने कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रॉइंगचा फोटो टाकला. दुपारी कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, पण मधे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे तीसेक मेसेज येऊन गेले होते. फोटो जुन्या रिव्हिजनचा, म्हणजे बदलाआधीच्या ड्रॉइंगचा होता आणि रिव्हिजनचा कोपरा फोटोत आलाच नव्हता. रात्रपाळीच्या ऑपरेटरने तो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, बोअरचं, म्हणजे मधल्या भोकाचं, माप वाचलं आणि जॉब लावला. सकाळी माझ्या टेबलाशेजारी ४८ फ्लँज रचून ठेवले होते. सगळ्यांचं बोअर दीड मिलिमीटरने मोठं.

ऑपरेटरची चूक नव्हती. क्वालिटीच्या मुलाचीही मी म्हणणार नाही. ग्रुप मी काढला होता, आणि तो कशासाठी आहे, कशासाठी नाही, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) काम करताना आणि वाघोडिया, सावली, हालोलकडच्या मॅनेजर मंडळींशी बोलताना मला हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. आधी ग्रुप निघतो, मग त्यात माणसं कोंबली जातात, आणि एखादं भांडण झालं की नियम आठवतात. खालचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. पंधरा ते दीडशे माणसांचं युनिट किंवा ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. क्रम मोडू नका. पहिल्या दोन पायऱ्या गाळून चौथीवर उडी मारली, तर पुढचं सगळं वाया जातं.

पायरी १ : आठवडाभर नुसतं बघा

तुमच्याकडे आत्ता जो ग्रुप चालू आहे त्यातले मागच्या आठवड्याचे मेसेज बाहेर काढा. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपच्या मेनूत 'एक्स्पोर्ट चॅट' असतं. फोटो-व्हिडिओ वगळून घेतलं की साधी मजकुराची फाइल मिळते. तिची प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक मेसेजसमोर एकच खूण करायची:

सू – सूचना. सगळ्यांनी वाचायची, करायचं काही नाही.
का – काम. कोणीतरी एकाने काहीतरी करायचं आहे.
प्र – प्रश्न. उत्तर हवं आहे.
नों – नोंद. रीडिंग, फोटो, चलन, डिस्पॅचचा आकडा.
इ – इतर. सुप्रभात, वाढदिवस, फॉरवर्ड, भजन.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीनशेच्या आसपास मेसेज होते. 'का' ची खूण पन्नास ठिकाणीही लागली नाही. त्या पन्नासांपैकी निम्म्यांत काम कोणी करायचं त्याचं नावच नव्हतं. 'कूलंट बदलना है' एवढंच. कोणी, कधी, कोणत्या मशीनचं? त्याखाली पाच जणांनी 'ओके सर' लिहिलेलं, आणि त्या पाचांतला एकही त्या मशीनवरचा नव्हता.

ही प्रिंट म्हणजे तुमच्या कारखान्याचा एक्स-रे आहे असं समजा. घाईत उरकू नका. प्रश्नांच्या खुणा खास करून तपासा: उत्तर किती वेळाने आलं, आणि ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे तिसऱ्या माणसाला कळतं का? माझे फ्लँज इथेच गेले होते.

*सावधान :* या फाइलमध्ये सगळ्यांची नावं, काही ठिकाणी नंबरही असतात. प्रिंट टेबलावर पडू देऊ नका आणि काम झाल्यावर फाइलही काढून टाका.

पायरी २ : कोणती गोष्ट कुठे जाईल, ते लिहून काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे गोष्ट, उजवीकडे तिची जागा. जागा चारच: फोन, समोरासमोर, रजिस्टर किंवा फाइल, आणि ग्रुप. कोणती गोष्ट ग्रुपवर जायची नाही, तिथून सुरुवात करा.

अपघात, आग, गॅस गळती, मशीन अचानक बंद: हे फोनवर. ग्रुपवर टाकून गप्प बसायचं नाही. मशीनच्या आवाजात खिशातला फोन वाजलेला कळत नाही, आणि बऱ्याच शॉपफ्लोअरवर फोन लॉकरमध्येच ठेवायचा नियम असतो, जो बरोबरच आहे. आधी कॉल, समोरच्याने 'आलो' म्हणेपर्यंत. ग्रुपवर मागाहून दोन ओळी.

ड्रॉइंग आणि प्रोसेस शीट: फोटो काढून ग्रुपवर बंद. प्रिंट ऑफिसमधून निघेल, तिच्यावर रिव्हिजनचा शिक्का असेल, आणि जुनी प्रिंट परत घेतल्याशिवाय नवी हातात पडणार नाही. ग्रुपवर फक्त एवढंच जाईल: 'अमुक जॉबची रिव्हिजन सी आली. बी ची प्रिंट आजच जमा करा.'

पगार, ॲडव्हान्स, दंड, ओव्हरटाइमचा हिशेब: कधीही ग्रुपवर नाही, सुपरवायझरांच्या छोट्या ग्रुपवरही नाही. मस्टर आणि अकाउंट्स.

आजारपण, घरचं दुःख, मेडिकल रिपोर्ट: हे त्या माणसाचं आहे. 'अमुकभाईंना अमुक आजार निघाला आहे, म्हणून येणार नाहीत' असं आपण काळजीपोटी लिहितो, पण ते सांगायचा अधिकार आपला नसतो. 'शुक्रवारपर्यंत सीएनसी ३ मशीनवर बदली माणूस' एवढं पुरतं.

आधार, पॅन, बँकेचं पासबुक: कॉन्ट्रॅक्टरची माणसं यांचे फोटो सर्रास ग्रुपवर टाकतात, कारण आपणच 'ग्रुपमध्ये पाठवा' म्हणतो. तो फोटो पन्नास जणांच्या गॅलरीत जाऊन बसतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे; पण कायदा नसता तरीही हे चूकच. कागद एचआरकडे, एकट्याने.

छळाची तक्रार: कोणा बाईने कामाच्या जागी त्रास झाल्याचं सांगितलं, तर ग्रुपवर चकार शब्द नाही, चौकशीचाही नाही, सारवासारवीचाही नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावीच लागते, आणि त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रार करणारीची ओळख उघड करायला बंदी आहे. 'सगळ्यांनी समजून घ्या, असं पुन्हा होता कामा नये' असा मोघम मेसेजही टाकू नका. छोट्या युनिटमध्ये तेवढ्यावरून सगळ्यांना माणूस कळतो.

आता चुकांबद्दल. सर्वांत जास्त नुकसान मॅनेजर इथे करतात, म्हणून थोडं सविस्तर.

रिजेक्शनचा फोटो आला की हात शिवशिवतो. 'ये किसने किया?' तीनच शब्द. लिहिणाऱ्याला वाटतं धाक बसला. होतं असं की पुढच्या वेळी फोटोच येत नाही. खराब जॉब स्क्रॅपच्या डब्यात तळाला जातो, वर बारीक चुरी टाकली जाते, आणि तुम्हाला कळतं ते पार्टीकडून माल परत आल्यावर. माणूस तुमच्या ओरडण्याला घाबरत नाही. ग्रुपमध्ये त्याच्या गावचा भाचाही असतो, मेहुणाही असतो, तिथे त्याची लाज जाते. ग्रुपवर ओरडा पडला म्हणून माझ्यासमोर एक चांगला टर्नर (लेथवरचा कारागीर) सोडून गेला आहे. त्याच्या जागेवर तसा हात अजून मिळाला नाही.

शिवाय ग्रुपवरची ताकीद ही ताकीदच नसते. उद्या खरंच कारवाई करायची वेळ आली, तर लेखी पत्र लागतं, त्याची पोच लागते, त्याला उत्तराची संधी द्यावी लागते. ग्रुपमधला राग यातलं काहीच पुरवत नाही. चूक समोर, एकट्याला, मशीनपाशी. कौतुक मात्र ग्रुपवर जरूर करा, तेही नेमकं: 'रात्रपाळीने हायड्रॉलिकची गळती वेळेवर पकडली, पंप वाचला.' 'गुड वर्क टीम' ला काही अर्थ नाही.

*तपासणी :* कागद तुमच्या सर्वांत जुन्या फोरमनला दाखवा. त्याला मागच्या महिन्यातली पाच प्रकरणं आठवायला सांगा आणि प्रत्येकाची जागा कागदावर सापडते का बघा. पाचांपैकी एकाची जरी जागा सापडायची राहिली, तरी तिसऱ्या पायरीवर जाऊ नका.

पायरी ३ : साधन निवडा

यावर फार वेळ घालवू नका. शॉपफ्लोअर, ड्रायव्हर, सिक्युरिटी, लोडिंगवाले यांच्यासाठी व्हॉट्सॲप, कारण ते त्यांच्या फोनवर आधीच आहे आणि शिकवावं लागत नाही. ऑफिसातल्या, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसांसाठी तुमच्या ईमेलबरोबर जे चॅट येतं ते वापरा: मायक्रोसॉफ्टचं ईमेल असेल तर टीम्स, गूगलचं असेल तर गूगल चॅट. एका प्रश्नाखाली त्याची उत्तरं एकत्र राहतात, हा त्यांचा खरा फायदा. स्लॅकही चांगलं आहे, पण फुकटच्या प्लॅनमध्ये ९० दिवसांमागचे मेसेज दिसत नाहीत, हे आधी माहीत असू द्या. मेटाने आपलं 'वर्कप्लेस' बंद करणार असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा त्यावर सगळी माहिती साठवलेल्या कंपन्यांना ती हलवायची कामं लागली. साधन कोणतंही घ्या, नोंदी त्याच्या भरवशावर ठेवू नका. त्याबद्दल पायरी ८ मध्ये.

एकाच कामासाठी दोन साधनं कधीच नकोत. 'टीम्सवर टाकलंय, पण तरी व्हॉट्सॲपवरही टाकतो' हे सुरू झालं की आठवड्याभरात दोन्हीकडची उत्तरं वेगवेगळी येतात.

पायरी ४ : ग्रुप बांधा, या क्रमाने

१. कंपनीचं सिम घ्या आणि ग्रुप त्या नंबरावरून काढा. एचआरच्या मुलीच्या किंवा फोरमनच्या खाजगी नंबरावरून नाही. माणूस नोकरी सोडून जातो, त्याच्याबरोबर ग्रुपची किल्लीही जाते.

२. किमान दोन ॲडमिन. तीनपेक्षा जास्त नकोत.

३. प्रत्येकाला आधी विचारा. ग्रुपमध्ये घातलं की त्याचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. बायकांना याचा त्रास होतो आणि त्या बोलून दाखवत नाहीत. यावर चांगला उपाय म्हणजे व्हॉट्सॲपची 'कम्युनिटी': तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ॲडमिनला दिसतात. सगळ्या युनिटसाठी ही घोषणांची जागा, आणि तिच्याखाली खात्यानुसार छोटे कामाचे ग्रुप: प्रोडक्शन, मेंटेनन्स, डिस्पॅच-स्टोअर. छोट्या ग्रुपात नंबर दिसतात, म्हणून त्यात फक्त ज्यांचा खरोखर संबंध आहे तेच.

४. सेटिंग्ज: ग्रुपचं नाव-फोटो बदलायचा अधिकार फक्त ॲडमिनला. नवीन माणूस घालायचा अधिकार फक्त ॲडमिनला. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद. आमंत्रणाची लिंक नोटीस बोर्डावर चिकटवू नका. ती कोणीही कोणालाही पाठवतो.

५. नाव असं ठेवा की काम कळेल: 'मेंटेनन्स – ब्रेकडाऊन'. 'आपली टीम', 'फॅमिली' वगैरे नको.

६. गप्पांसाठी वेगळा ग्रुप लोकांना काढू द्या आणि तुम्ही त्यात जाऊ नका. उत्तरायणाचे पतंग, गरब्याचे पास, गणपतीची वर्गणी यांना जागा हवीच. ती दिली नाही, तर हे सगळं ब्रेकडाऊनच्या ग्रुपात शिरणार. मॅनेजर त्यात असेल, तर तो गप्पांचा ग्रुप राहत नाही.

७. वर्णनाच्या जागेत पाच ओळींत नियम. पाचच. सहावी ओळ कोणी वाचत नाही.

*तपासणी :* तुमच्या फोनवर सेटिंग्ज बरोबर दिसतात म्हणून थांबू नका. एखाद्या हेल्परचा फोन मागून घ्या आणि त्याच्याकडून घोषणांच्या ग्रुपात लिहायचा प्रयत्न करा. लिहिता आलं, तर सेटिंग चुकलं आहे.

पायरी ५ : सुरू करण्याआधी उभं राहून सांगा

नियम मेसेजने कळवायचे नाहीत. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं, मशीन बंद, सगळे समोर. आमच्याकडे ऑपरेटर गुजराती, हेल्पर यूपी-बिहारचे, सुपरवायझरांत मराठी बरेच. मी हिंदीत सांगतो आणि एक गुजराती बोलणारा फोरमन तेच पुन्हा गुजरातीत सांगतो. मग कोणालाही एकाला विचारायचं: 'पंप बंद पडला तर काय करणार?' त्याने 'ग्रुपमध्ये टाकणार' म्हटलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना व्हॉइस मेसेजची मोकळीक द्या, पण वीस सेकंदांत आणि पहिल्या वाक्यात मशीनचं नाव. दोन मिनिटांची ध्वनिफीत कोणी ऐकत नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची यादी वेगळी करा आणि प्रत्येकासमोर एक 'सांगणारा' नेमा. तंत्र वापरता येत नाही म्हणून सुट्टीची सूचना कळली नाही आणि माणूस तीस किलोमीटर सायकल-बस करून बंद गेटपाशी आला, असं माझ्यासमोर झालं आहे. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नव्हतं.

पायरी ६ : मेसेज लिहायची शिस्त

एका मेसेजात एकच काम. त्यात चार गोष्टी: कोण, काय, कधीपर्यंत, कुठे.

चुकीचा (व्हीएमसी हे मशीनचं नाव): 'व्हीएमसी का भी देख लेना और कल माल जाना है।'

बरोबर: 'मेंटेनन्स पहली शिफ्ट: व्हीएमसी २ का कूलंट पंप, बुधवार १२ तारीख, दोपहर ३ बजे तक चालू करके फोटो।'

'काल'बद्दल विशेष सूचना, कारण हा आपल्या बडोद्याचा खास घोटाळा आहे. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत 'काले' आणि हिंदीत 'कल' दोन्हीकडे चालतं, उद्याही आणि कालही. स्टोअरच्या भाईंनी एकदा नुसतं 'बार स्टॉक काले' लिहिलं. मी वाचलं, माल काल आला. अर्धा तास मी आणि स्टोअरचा हेल्पर रॅकमध्ये तो शोधत होतो. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. 'परवा'चंही तेच. म्हणून ग्रुपवर काल, उद्या, परवा, कल, परसों हे शब्द बंद. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं. एक चुकलं, तर दुसऱ्यावरून पकडता येतं. 'रात्री १२' सुद्धा नको, कोणत्या दिवसाचे बारा ते कळत नाही, ११:५५ लिहा. आणि रात्रपाळी ज्या तारखेला सुरू होते त्याच तारखेची धरायची, हे एकदाच ठरवून टाका.

अंगठ्याचा अर्थही ठरवावा लागतो. आमच्याकडे अंगठा म्हणजे 'वाचलं'. काम झालं की त्याच मेसेजला उत्तर म्हणून 'झालं', 'हो गया' किंवा 'थई गयुं', आणि शक्य तिथे फोटो. हे ठरवलं नाही, तर अंगठा बघून मॅनेजर निवांत होतो आणि पंप तसाच बंद. ज्याचं नाव मेसेजात आहे, अंगठाही त्यानेच द्यायचा. बाकीच्यांनी 'ओके सर' लिहायचं नाही; मॅनेजरने ते स्वतःहून सांगावं लागतं, कारण आपल्याकडे उत्तर न देणं हा साहेबाचा अपमान समजतात.

प्रश्नाचं उत्तर देताना तो मूळ मेसेज धरूनच द्यायचं. बोट सरकवून उत्तर देता येतं, सगळ्यांच्या फोनवर हे आहे. रस्ता सोडून मोकळा टाकलेला फोटो किंवा आकडा दिसला, की ॲडमिनने लगेच विचारायचं: 'कशाचं उत्तर?' पहिले पंधरा दिवस हे कंटाळा न करता विचारत राहावं लागतं.

कोणी वाचलं हे बघायचं असेल, तर आपल्या मेसेजवर बोट दाबून 'इन्फो' बघा. निळी खूण बंद करून ठेवलेल्यांचंही ग्रुपमध्ये वाचलेलं दिसतं. पण हे ज्या सूचनेवर सुरक्षितता अवलंबून आहे तिच्यासाठीच वापरा. 'रात्री ११:२० ला वाचलंस, मग उत्तर का नाही?' असं विचारणारा मॅनेजर विश्वास गमावतो.

*सावधान :* व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत तो दुरुस्त करता येतो. सूचनेवर एकदाही अंगठा आला असेल, तर ती दुरुस्त करू नका. ज्याने जुनी वाचली तो परत उघडून बघणार नाही. नवा मेसेज टाका: 'वरची सूचना रद्द. आता असं.' माप, वेळ, तारीख यांच्या बाबतीत याला अपवाद नाही.

ग्रुपमधली मतदानाची (पोलची) सोय कँटीनच्या मेनूसाठी, नवरात्रात पाळी एक तास आधी सोडायची का यासाठी छान आहे. पण कोणी कोणतं मत दिलं ते नावानिशी दिसतं. 'सुपरवायझरबद्दल समाधानी आहात का' असलं काही त्यावर विचारू नका. खरं उत्तर मिळणार नाही, आणि एखाद्याने खरं दिलं तर त्याचा जाच होईल.

पायरी ७ : वेळेची मर्यादा आधी स्वतःवर

पाळी संपल्यावर त्या पाळीच्या ग्रुपात मेसेज नाही. रात्री अकराला तुम्हाला काही सुचलं, तर डायरीत लिहा किंवा टीम्स, स्लॅकमध्ये सकाळची वेळ लावून ठेवा. 'मी पाठवतो, त्यांनी सकाळी बघावं' हे म्हणायला ठीक. साहेबाचा मेसेज आला की जेवणाच्या ताटावरून उठून बघणारी माणसं आहेत ही. खरंच तातडीचं असेल तर फोन करा. तेवढ्या रात्री फोन करावासा वाटत नसेल, तर काम तातडीचं नाही. हीच कसोटी मी वापरतो.

पायरी ८ : ग्रुपमधून नोंद बाहेर काढा

ग्रुप म्हणजे रजिस्टर नव्हे. पाळी संपताना शेवटची दहा मिनिटं सुपरवायझरने ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि 'नों' व 'का' रजिस्टरवर उतरवायचे: ब्रेकडाऊन किती वाजता, चालू किती वाजता, काय बदललं, कोणी. उरलेली कामं पुढच्या सुपरवायझरला समोर वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. कागदाला मान द्या. फोन पाण्यात पडतो, हरवतो, बदलतो.

स्क्रीनशॉट काढून ठेवला म्हणजे पुरावा झाला, असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. वेळेवर भरलेलं आणि सही केलेलं रजिस्टर असेल, तर स्क्रीनशॉटवर सगळी भिस्त ठेवायची वेळच येत नाही.

पायरी ९ : येणारी-जाणारी माणसं

सोडून जाणाऱ्याच्या क्लिअरन्सच्या कागदावर गेटपास, टूल, युनिफॉर्म असतं. त्यात 'ग्रुप' ही ओळ घाला. शेवटच्या दिवशी, त्याला सांगून, त्याच्यासमोर त्याला ग्रुपमधून काढा. गुपचूप काढलं की माणूस दुखावतो. कधी लिंक वापरली असेल, तर ती रीसेट करा. नव्या माणसाला मागचं काही आपोआप दिसत नाही हे लक्षात ठेवा, त्याला चालू सूचना वेगळ्या द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ग्रुपची यादी मस्टरशी ताडून बघा. कॉन्ट्रॅक्टरची सोडून गेलेली माणसं हमखास सापडतात.

पायरी १० : पुराआधीची तयारी

हे काम मे महिन्यात करायचं, आकाश भरून आल्यावर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा आमचा ग्रुप काही कामाचा उरला नाही. आजवा धरणाच्या पाण्याच्या अफवा, रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ, त्यातले काही मागच्या वर्षांचे, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी 'दुसरी पाळी बंद' हा माझा मेसेज. दोन मुलं कमरेएवढ्या पाण्यातून गेटपर्यंत आली. ती सुखरूप परतली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून असं करतो:

१. धोक्याची बातमी आली की घोषणांचा ग्रुप सोडून बाकी कामाच्या ग्रुपांतही फक्त ॲडमिन लिहू शकतील असं सेटिंग. हे कोणी करायचं, त्याचं नाव आधीच ठरलेलं, आणि तो नसला तर दुसरा कोण, तेही.

२. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या साच्यात मेसेज: सकाळी ६, दुपारी १, रात्री ९. काही बदल नसेल तरी 'बदल नाही' असं लिहायचंच. मेसेज आला नाही की माणसं दुसरीकडे विचारतात आणि अफवा तिथूनच घुसते. साच्यात तीन ओळी: पाळी चालू की बंद, कोणता रस्ता, पगार कापला जाणार की नाही. तिसरी ओळ विसरू नका. ती नसली तर लोक पाण्यातून येतात.

३. तो मेसेज पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहते. अशा वेळी २४ तास घ्या, म्हणजे शिळी सूचना वर लटकत राहणार नाही.

४. हजेरी ग्रुपवर घेऊ नका. साठ जणांचे 'मी ठीक आहे' म्हणजे पुन्हा तोच गोंधळ. प्रत्येक सुपरवायझरने आपल्या आठ-दहा माणसांना फोन करायचा आणि मला एकच ओळ: किती जण सापडले, कोण सापडलं नाही. साध्या फोनवाल्यांना आधी.

५. पुराच्या वेळी वीज जाते, मग चार्जिंग, मग टॉवर. म्हणून सगळ्यांचे नंबर, घराचा भाग आणि शेजाऱ्याचा एक नंबर अशी यादी कागदावर, लॅमिनेट करून बंद पाकिटात. एक प्रत माझ्या घरी, एक फोरमनकडे, आणि एक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, खालच्या खणात नव्हे, वरच्या खिळ्याला.